थर्ड डिग्री झाली, आता पुढे काय? लॉजमध्ये खरंच सामील कसं व्हायचं

नाशिकमध्ये कोणाला सांगितलं की मी लॉजचा मेंबर आहे, तर समोरच्याच्या डोळ्यापुढे पंचवटीतली यात्रेकरूंची खोली येते, गरम पाण्याची बादली आणि सकाळी दहाला चेक आउट. त्यात त्यांची काही चूक नाही, आपल्याकडे लॉज या शब्दाचा अर्थच तो. मी बोलतोय ते फ्रीमेसन या जुन्या बंधुभावाच्या संघटनेच्या लॉजबद्दल. आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे जे ऑलरेडी मेंबर झालेत, तिन्ही डिग्र्या म्हणजे मेंबरशिपच्या तिन्ही पायऱ्या घेतल्यात, आणि आता महिन्यातून एकदा सूट घालून जातात, मागच्या खुर्चीत बसतात, जेवतात, घरी येतात आणि मनात विचार करतात की एवढंच होतं का हे. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांनीही वाचा, आधी थोडक्यात सांगतोच.

मेसन म्हणजे पाथरवट, गवंडी. युरोपात मोठी चर्चं बांधायला पिढ्याच्या पिढ्या जायच्या, तेव्हा बांधकामाला लागून पाथरवट लोक एक शेड घालायचे, तिथे अवजारं ठेवायची, दगड घडवायचे, दुपारी जेवायचं आणि शिकाऊ पोराला हाताखाली घेऊन शिकवायचं, त्या शेडला म्हणायचे लॉज. पुढे त्यांच्यात हाताने दगड न घडवणारी माणसंही यायला लागली आणि हळूहळू तीच जास्त झाली, अवजारं उरली ती फक्त शिकवणीची खूण म्हणून. २४ जून १७१७ ला लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज काढली, म्हणजे लॉजच्या वरची संस्था. आपल्याकडे १७३० च्या आसपास कलकत्त्यात फोर्ट विल्यमला इंग्रजांची लॉज होती, मुंबईत १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया काढली ती खास भारतीयांना घेता यावं म्हणून, आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया झाली. तिचे चार विभाग आहेत, आपण महाराष्ट्रवाले वेस्टर्न इंडियात, ज्याचं ऑफिस मुंबईला फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये. स्वामी विवेकानंद, म्हणजे तेव्हाचे नरेंद्रनाथ दत्त, १८८४ मध्ये कलकत्त्यात मेसन झाले होते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

अट एकच मोठी, परमेश्वरावर श्रद्धा पाहिजे, कुठल्या नावाने ते ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून आपल्याकडच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात आणि माणूस आपापल्या ग्रंथावर शपथ घेतो. मला स्वतःला पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त भिडलं ते हेच.

गुपिताचं म्हणाल तर जुन्या लोकांनी या हॉलना जादूघर म्हटलं, भूतबंगला म्हटलं. आणि नाशिकमध्ये तर शपथ आणि गुप्त संघटना म्हटलं की अभिनव भारत आठवतं, ते साहजिक आहे, पण तो देशासाठी जीव द्यायचा मार्ग होता आणि त्याची तुलना इथे नकोच. लॉजमध्ये राजकारणावर आणि धर्मावर चर्चा करायलाच बंदी आहे. गुप्त आहेत त्या एकमेकांना ओळखायच्या खुणा आणि काही शब्द, बाकी कोण मेंबर आहे, मीटिंग कुठे होते, काय शिकवतात, हे विचारलं तर सांगता येतं. मीही खुणा आणि शब्द सोडून बाकीचंच लिहितोय.

आता मुद्द्यावर येतो.

डिग्र्या तीन. पहिली एंटर्ड अॅप्रेंटिस म्हणजे शिकाऊ, दुसरी फेलो क्राफ्ट म्हणजे कारागीर, तिसरी मास्टर मेसन. या तीन डिग्र्या होईपर्यंत सगळं लॉज तुमच्याभोवती फिरत असतं, तुमच्यासाठी रिहर्सल होते, तुम्हाला हाताला धरून नेतात, जेवणाच्या टेबलवर तुमच्या नावाने टोस्ट होतो, सेक्रेटरी स्वतः फोन करून विचारतात की येताय ना. आणि मग तिसरी डिग्री होते आणि पुढच्या महिन्यात तुम्ही जाता तर कोणी दुसराच कॅन्डिडेट असतो, सगळे त्याच्याभोवती, आणि तुम्हाला कुठे बसायचं तेही कोणी सांगत नाही. कोणी मुद्दाम करत नाही हे. पण माझ्या बघण्यात माणसं सुटतात ती नेमकी इथे, तिसऱ्या डिग्रीनंतरच्या पहिल्या वर्षात, आधी एक मीटिंग चुकते मग दोन मग वर्षाची फी भरायचं राहतं आणि मग फोन उचलायला लाज वाटते. ही चूक लॉजची जास्त आणि माणसाची कमी असं माझं स्पष्ट मत आहे, पण लॉज बदलायची वाट बघत बसलात तर तुमची वर्षं जातील, म्हणून उपाय तुमच्या हातातला सांगतो. एक ठरलेलं काम मागून घ्या. पद मागू नका. असं काम घ्या जे तुम्ही नाही आलात तर अडेल.

माझं काम होतं गालिचा. लॉजच्या मधोमध काळ्या पांढऱ्या चौकोनांचा गालिचा असतो, आमच्याकडे तो गुंडाळून कपाटामागे उभा ठेवलेला असायचा, आणि मीटिंग साडेसहाची असेल तर मी साडेपाचला जाऊन तो अंथरायचो. एकट्याला जमत नाही, दुसऱ्या टोकाला आमचे एक काका असायचे, पंचाहत्तरीचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. गुडघे दुखायचे तरी खाली बसून तळहाताने सुरकुती काढायचे आणि म्हणायचे, "अहो जरा तुमच्याकडे ओढा, रेघ भिंतीला समांतर आली पाहिजे." मग तीन मोठ्या मेणबत्त्यांचे स्टँड, मग ग्रंथ, ते मात्र काका स्वतः हात धुवून ठेवायचे. मग दोन दगड. एक ओबडधोबड, खाणीतून काढला तसा, तो ज्युनिअर वॉर्डन नावाच्या पदाधिकाऱ्याजवळ, आणि एक सहा बाजूंनी घासून काटकोनात आणलेला, तो सिनिअर वॉर्डनजवळ. हे दगड कशाला ते मला डिग्रीच्या दिवशी सांगितलं होतं, सगळ्यांनाच सांगतात, पण त्या दिवशी माणूस इतका भांबावलेला असतो की डोक्यात काही शिरत नाही. मला कळलं ते काकांबरोबर तो दगड उचलताना. ते म्हणाले, "हा तुम्ही. आणि तो पण तुम्हीच. मधलं काम आपलं आपण करायचं." एवढंच बोलले आणि दुसरा स्टँड आणायला गेले.

त्या एका तासात मी जेवढं लॉज शिकलो तेवढं मीटिंगमध्ये बसून शिकलो नाही. कोण कोणाचा प्रपोजर, कोणाचा मुलगा कुठे असतो, कोणाचं आणि कोणाचं दहा वर्षांपूर्वी वाजलं होतं आणि कसं मिटलं, मास्टरची, म्हणजे लॉजच्या प्रमुखाची, खुर्ची पूर्वेला का असते, हे सगळं तिथे. म्हणून नवीन माणसाला मी नेहमी सांगतो की एक तास आधी या.

दुसरी गोष्ट पदांची. दरवर्षी नवा मास्टर बसतो, त्याला वर्शिपफुल मास्टर म्हणतात, म्हणजे आदरणीय एवढाच अर्थ, पूजेशी संबंध नाही. मास्टरपर्यंतची शिडी साधारण अशी असते, स्टुअर्ड, मग इनर गार्ड जो दाराच्या आतल्या बाजूला असतो, मग ज्युनिअर डीकन, सिनिअर डीकन, मग ज्युनिअर वॉर्डन, सिनिअर वॉर्डन, आणि मग खुर्ची. दरवर्षी एक पायरी धरली तर सहा सात वर्षं सहज जातात, आणि मास्टर व्हायला आधी वॉर्डन म्हणून वर्षभर काम केलेलं असावं लागतं. दाराबाहेर उघडी तलवार घेऊन उभा असतो तो टायलर, बऱ्याच लॉजमध्ये तो माजी मास्टरच असतो, म्हणजे सगळ्यात वर जाऊन आलेला माणूस परत दाराबाहेर, मला हे फार आवडतं. स्टुअर्डचं काम वाढपी म्हणून कोणी कोणी टाळतात, मोठ्या हुद्द्यावरची माणसं तर जास्तच, पण मीटिंगनंतरच्या जेवणात, त्याला फेस्टिव बोर्ड म्हणतात, टेबलाभोवती फिरणारा स्टुअर्ड हा एकच असा असतो ज्याचं प्रत्येकाशी बोलणं होतं. व्हेज किती नॉनव्हेज किती जैन किती हे विचारायला दोन दिवस आधी सगळ्यांना फोन करायचा असतो, त्या निमित्ताने अख्खी यादी तुमच्या ओळखीची होते. मागून घ्या ते काम.

पाठांतराबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण आपल्या मराठी मीडियमवाल्यांना इथेच धडकी भरते. विधी इंग्रजीत, तेही जुन्या वळणाच्या इंग्रजीत, एकेक वाक्य पाच ओळींचं, आणि म्हणायचं तोंडपाठ, कागद बघून नाही. वर छापील पुस्तकात काही शब्दांची नुसती पहिली अक्षरं, बाकी गाळलेलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं हे आपल्याच्याने होणार नाही. पण आपल्याला लहानपणी रामरक्षा पाठ झाली ती अर्थ कळून झाली होती का? आजीच्या मागून म्हणून म्हणून झाली. इथे मात्र उलटं करा, आधी अर्थ मराठीत स्वतःला समजावून सांगा, मोठ्याने, आणि मगच इंग्रजी वाक्याला हात घाला. दिवसाला एक वाक्य, जास्त नाही. मी गंगापूर रोडने सकाळी सोमेश्वरकडे चालायला जायचो तेव्हा म्हणायचो, कालचं वाक्य आधी आणि आजचं त्याला जोडून, परत येईपर्यंत बसलेलं असायचं. बसून पाठ करण्यापेक्षा चालत पाठ केलेलं टिकतं, बहुतेक विधीमध्येही चालत बोलायचं असतं म्हणून असेल. आणि अडखळलात तर घाबरू नका, प्रॉम्प्ट द्यायला एक माणूस ठरलेला असतो, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नसतं. रिहर्सलला काही लॉज वेगळी बैठक घेतात, तिला लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन म्हणतात, तिथे चुका करायलाच जायचं.

आणि एक, लांब भाषण लगेच अंगावर घेऊ नका. अवजारांची ओळख करून द्यायचा छोटा भाग असतो प्रत्येक डिग्रीत, तो मागा. दुसऱ्या डिग्रीची अवजारं तर आपल्या कुठल्याही गवंड्याच्या पिशवीत सापडतील, गुण्या, पाणसळ आणि ओळंबा. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात पाहिजे, पाणसळ म्हणजे इथे सगळे एका पातळीवर, ओळंबा म्हणजे माणूस सरळ उभा पाहिजे, कोणी बघत असो नसो. मी हा भाग पहिल्यांदा म्हटला तेव्हा आमच्या घराचं काम चालू होतं, मिस्त्री स्लॅबखालच्या भिंतीला ओळंबा लावून एक डोळा मिटून बघत होता, आणि मला संध्याकाळचे शब्द आपोआप आठवायला लागले. त्यानंतर तो भाग मी कधी विसरलो नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

लॉजमध्ये आल्मनर नावाचं एक पद असतं. त्याच्याकडे तलवार नाही, लांब भाषण नाही, आणि मास्टरच्या शिडीवरही ते पद नाही. त्याचं काम म्हणजे आजारी मेंबर, म्हातारे मेंबर आणि गेलेल्या मेंबरांच्या बायका, यांची खबर ठेवायची. एका डायरीत नावं असतात आणि त्याने फोन करायचे, जाऊन यायचं, काही लागलं तर लॉजला सांगायचं. तुम्हाला खरंच आत शिरायचं असेल तर आल्मनरला सांगा की पुढच्या वेळी जाताना मला घेऊन चला. मला विचाराल तर एवढी एक गोष्ट केली आणि बाकी काहीच केलं नाही तरी चालेल.

मी पहिल्यांदा गेलो देवळाली कॅम्पला. एक काकू, त्यांचे मिस्टर आमच्या लॉजचे जुने मास्टर, मी त्यांना कधी बघितलेलंही नाही, मी यायच्या आधीच ते गेले. जुना बंगला, पुढे आंब्याचं झाड, दाराला अजून त्यांच्याच नावाची पाटी. काकूंनी चहा टाकला, आमचे आल्मनर म्हणाले, "वहिनी, चहा नंतर, आधी तो कागद दाखवा." एका बँकेत जॉइंट खात्यावरचं मिस्टरांचं नाव कमी करायचं होतं, त्यासाठी काकूंना चार वेळा परत पाठवलं होतं, एकदा फोटो नाही, एकदा डेथ सर्टिफिकेटची झेरॉक्स स्पष्ट नाही, एकदा साहेब रजेवर. ऐंशीच्या घरातली बाई रिक्षा करून चार वेळा. आल्मनर मला म्हणाले, "तुम्हाला सोमवारी अर्धा दिवस जमेल का?" मी सुट्टी टाकली, काकूंना गाडीत घेऊन गेलो, दोन तास बसलो, काम झालं. पैसे द्यावे लागले नाहीत, कोणाची ओळख लावावी लागली नाही, फक्त बरोबर कोणीतरी उभं राहायला पाहिजे होतं. परत येताना काकू म्हणाल्या, "हे गेल्यावर मला वाटलं आता तुमचं कोणी येणार नाही." मी तर त्यांच्या मिस्टरांना ओळखतही नव्हतो. पण त्यांच्या दृष्टीने मी "तुमचं कोणी" होतो, आणि तोपर्यंत मला ब्रदर हा शब्द जरा नाटकीच वाटायचा, त्या दिवसानंतर नाही वाटला.

बायकांना लॉजचं मेंबर होता येत नाही, हे आजच्या काळात खटकतं आणि मलाही खटकतं, बायकांच्या वेगळ्या लॉज जगात आहेत पण आमची ग्रँड लॉज पुरुषांचीच. निदान काकूंसारख्यांची आठवण तरी मिस्टर गेल्यावर पुसली जाऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

दुसऱ्या लॉजना भेट देणं हाही आत शिरायचा एक रस्ता. मास्टर मेसन म्हणून तुमच्याकडे सर्टिफिकेट असतं, फी भरलेली असली की तुम्ही दुसरीकडे पाहुणे म्हणून जाऊ शकता, आधी सेक्रेटरीला कळवायचं एवढंच. मुंबईचा फ्रीमेसन्स हॉल सीएसएमटीपासून चालत जाता येईल इतका जवळ आहे, सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जा, दिवसभर आपलं काम उरका, संध्याकाळी मीटिंगला बसा. तेच विधी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना आपण आपल्याकडे काय चुकीचं म्हणतोय तेही कळतं.

मेंबर झाल्यावर लगेच कोणीतरी तुम्हाला म्हणेल की चॅप्टर जॉइन करा, मार्क जॉइन करा. रॉयल आर्च, ज्याच्या लॉजला चॅप्टर म्हणतात, आणि मार्क हे मेसनरीचेच पुढचे वेगळे भाग आहेत, चांगले आहेत, पण प्रत्येकाची वेगळी फी, वेगळा पोशाख, वेगळी संध्याकाळ. आपल्या लॉजमध्ये तुमचं एखादं पक्कं काम ठरल्याशिवाय तिकडे जाऊ नका असं मी सांगेन. दोन वर्षं थांबलात तर काही पळून जात नाही.

आणि सातपूर अंबडला ज्यांचे कारखाने आहेत किंवा जे व्हेंडर आहेत त्यांना एक विनंती, लॉजमध्ये ऑर्डर मिळेल म्हणून येऊ नका आणि आलात तर व्हिजिटिंग कार्ड वाटू नका. आत येतानाच तुम्ही सांगितलेलं असतं की मी कुठल्या फायद्यासाठी येत नाही. ओळखी होतात, पुढे व्यवहारही होतो कधी कधी, पण ज्याच्या मनात पहिल्यापासून तेच असतं तो दोन मीटिंगमध्ये सगळ्यांना कळतो.

घरच्यांचं राहिलं. पहिल्या डिग्रीच्या अवजारांत चोवीस इंची पट्टी असते. तिचा अर्थ दिवसाचे चोवीस तास, काही देवासाठी, काही कामाला आणि विसाव्याला, आणि काही अडचणीतल्या मित्राला मदत करायला. पण त्या मदतीला एक अट जोडलेली आहे जी लोक ऐकत नाहीत, स्वतःचं आणि आपल्या माणसांचं नुकसान न करता. म्हणजे मुलाची दहावी आहे, आईचं ऑपरेशन आहे, फर्स्ट शिफ्टला पहाटे उठायचंय, तर येऊ नका, सेक्रेटरीला एक मेसेज टाका आणि घरी थांबा, हे नियमातच आहे. मी एक वर्ष हे विसरलो होतो, मीटिंग, रिहर्सल, भेटी, वर चॅरिटीचं काम, आठवड्याच्या तीन संध्याकाळी बाहेर. बायको काही बोलली नाही, फक्त एकदा विचारलं की तुमच्या पट्टीवर आमचे इंच कुठले. मी तेव्हापासून महिन्याला एक मीटिंग, एक रिहर्सल आणि आल्मनरबरोबर एक भेट, एवढंच ठरवून टाकलंय, आणि घरी आधी विचारूनच तारीख देतो.

जे मधल्या काळात सुटलेत त्यांच्यासाठी शेवटचं. फी थकली असेल तर सेक्रेटरीला फोन करून आकडा विचारा, बहुतेक वेळा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तो कमी असतो, आणि हप्त्याने देतो म्हटलं तरी ऐकून घेतात. राजीनामा दिला असेल तर त्या वेळी सगळे पैसे चुकते होते असं पत्र काढून घ्या, परत यायला ते लागतं. एवढी वर्षं कुठे होतात असं कोणी विचारलं तर खरं काय ते सांगा. आणि पहिल्या दिवशी एक तास आधी जा, गालिच्याचं एक टोक धरायला माणूस लागतोच, आमच्या काकांना आता खाली बसवत नाही.